जुन्या चादरीची बंडी, शाळेच्या स्वेटरचं जाकीट

सोलापूरची थंडी पहाटेची. डिसेंबर-जानेवारीत पाच-सहाच्या सुमाराला पारा 15 अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी दोनला 30 अंशांचं ऊन अंगावर असतं. हे ध्यानात न घेता जाडजूड जॅकेट आणलं, तर ते नऊ वाजता खुर्चीवर पडतं आणि वर्षभर कपाटात जागा अडवतं. आपल्याला लागतो तो कपडा वेगळा आहे. बिनबाह्यांचा, पुढून उघडणारा, पाठ आणि छाती नीट झाकणारा, ऊन चढलं की काढून पिशवीत घालता येणारा, म्हणजे बंडी. दुकानात असा कपडा शोधत फिरावं लागतं. जुन्या कापडातून तो घरी फार छान होतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आधी युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर होते, आता घरीच ब्लाउज, अल्टर, पिको-फॉलची कामं घेते. दिवाळी सरली की ओळखीच्या बायका जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन येतात आणि विचारतात, यातून काय होईल? त्यांना जे सांगते तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कापड स्वतः गरम नसतं. अंगाची ऊब बाहेर जाऊ न देणं एवढंच त्याचं काम, आणि ते काम खरं तर धाग्यांमध्ये आणि थरांमध्ये अडकलेली हवा करते. म्हणून एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर जास्त ऊब देतात. आपली वाकळ याच हिशोबावर चालते. आणि थरांच्या कामाला जुनं सुती कापड नव्यापेक्षा सरस, कारण ते धुऊन धुऊन जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं. एक थर नवा आणि दोन जुने घेतले, तर पहिल्याच धुण्यात नवा थर आटतो आणि सगळी बंडी आक्रसते. नवं कापड वापरायचंच असेल तर आधी दोनदा गरम पाण्यातून काढा.

कापड कसं निवडायचं

घरातलं संपलं की बोहारणीला विचारा. तिच्याकडे भांड्यांच्या बदल्यात आलेल्या कपड्यांचा ढीग असतो, आणि "मावशी, सुती साड्या आणि स्वेटर बाजूला ठेवा" असं आधी सांगून ठेवलं तर ती निवडून आणते. आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग असतात तिथं सकाळी लवकर जावं, म्हणजे उजेडात बघून घेता येतं.

प्रत्येक कपडा उजेडासमोर धरा. विरलेला भाग लगेच दिसतो. मग दोन्ही अंगठ्यांनी काखेजवळ आणि बसायच्या जागी ताणून बघा. धागे सरकले किंवा चर्र आवाज आला तर तो भाग कापून टाकायचा, बाकीचं वापरायचं. साडीचा टाचेकडचा भाग झिजलेला असतो, पदर आणि खांद्याकडचा भाग बहुतेक वेळा चांगला निघतो. चादर मध्यावर विरते, कडेनं धड राहते. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी घडीवरच फाटते, तेव्हा घडीची रेघ तपासल्याशिवाय घेऊ नका.

स्वेटर कशाचा आहे हे अंगावर लावून कळत नाही आणि लेबल बहुधा गळून गेलेलं असतं. आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलच्या ताटलीत पाणी ठेवा आणि काडी लावा. हे काम कपड्यांच्या ढिगापासून लांब, मोकळ्या जागेत करायचं. सूत भराभर जळतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख राहते. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, काडी बाजूला केली की विझते आणि मागे राहिलेला काळा मणी बोटांत चुरडला जातो. ॲक्रिलिक आणि पॉलिस्टर वितळतात, त्यांचा कडक मणी होतो, तो चुरडत नाही.

ही परीक्षा मी कुणालाच टाळू देत नाही, आणि त्याचं कारण स्वयंपाकघरात आहे. पहाटे उठून भाकरी थापणारी बाई अंगावर जे घालते ते जाळाजवळ जातं. वितळणारा धागा कातडीला चिकटतो आणि जखम खोल होते. चुलीपाशी किंवा गॅसपाशी घालायचा कपडा आतून-बाहेरून सुतीच असावा, त्याला बाह्या नसाव्यात, आणि बंद, नाड्या, झालर असं काहीही पुढे लोंबत नसावं. सूतही पेटतं, म्हणून काळजी घ्यायचीच. पण ॲक्रिलिकचा स्वेटर घालून तव्यासमोर उभं राहू नका, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही राहू देऊ नका.

धुणं

बाहेरून आणलेलं गाठोडं घरात आतपर्यंत नेऊ नका. पिशवीचं तोंड बांधून गच्चीवर किंवा अंगणात ठेवा आणि नळाला पाणी यायचा दिवस आला की सगळं एकदम धुवा. सुती कपड्यांना साधारण 60 अंशांचं पाणी लागतं, म्हणजे ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. थर्मामीटर नको. जितकं उकळतं पाणी तितकंच नळाचं पाणी मिसळलं की जवळपास तेवढं होतं. त्यात धुण्याचा सोडा घालून कपडे अर्धा तास बुडवून ठेवा. गडद रंगाचं कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, रंग लागला तर ते वेगळं भिजवा.

लोकरीला गरम पाणी चालत नाही. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात दाबून काढा, पिळू नका, आडवं पसरून सावलीत वाळवा. वाळल्यावर ओलं फडकं ठेवून शिवणींवरून इस्त्री फिरवा. वाफ शिवणीच्या आत जाते आणि तिथं काही जीवजंतू असतील तर तेही संपतात. ॲक्रिलिकवर इस्त्री नकोच, ते एकदा चपटं झालं की त्याची ऊब गेली.

बंडी

हा माझा सगळ्यात आवडता कपडा, म्हणून इथं जरा वेळ घेते.

वरचा थर जुन्या सोलापुरी चादरीचा. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जगभर नाव आहे, आणि घराघरात मध्यावर विरलेल्या चादरी माळ्यावर पडून आहेत. जॅकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी उमटवणारी, वीण घट्ट आणि जड, त्यामुळे वारा आत शिरत नाही. विरलेला मधला पट्टा सोडून कडेच्या धड भागातून एक बंडी आरामात निघते. आतला थर जुन्या सुती साडीचा, दुहेरी. चादर मुळात जाड असल्यानं आणखी भरायची गरज नसते, पण पाठीला जास्त ऊब हवी असेल तर चादर आणि साडी यांच्यामध्ये जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा घाला. टॉवेलच्या फासांमध्ये हवा धरून राहते, तो धुता येतो, आणि आपल्या गावात जुना टॉवेल नाही असं घर नाही. टॉवेल फक्त पाठीला आणि छातीला. मुंढ्यापाशी, म्हणजे हात बाहेर येतो त्या गोलाईपाशी, आणि बाजूच्या शिवणीत तो येऊ देऊ नका, नाहीतर सुई चालणार नाही आणि हात हलवताना टोचेल.

माप सांगते 36 छातीचं. बंडी ब्लाउज-कुर्त्यावरून घालायची असते, म्हणून तयार माप 42 इंच धरा. आधी मोठे तुकडे कापायचे, त्यांवर धावदोरा, म्हणजे वरखाली जाणारे साधे सरळ टाके, घालायचा, आणि मग त्यातून बंडी कापायची. उलट केलं तर फसतं, कारण धावदोऱ्यानं कापड इंचभर तरी आत ओढलं जातं. पाठीसाठी 25 इंच रुंद आणि 27 इंच लांब असा एक तुकडा, आणि पुढच्या दोन बाजूंसाठी 18 बाय 27 चे दोन. पुढचे तुकडे पाठीच्या निम्म्याहून इतके मोठे का, ते खाली कळेल. चादरीवर मोर किंवा चौकट असेल तर नक्षीचा मध्य पाठीच्या मध्यावर येईल असं बघा, आणि पुढच्या दोन्ही बाजूंची चौकट एका रेषेत ठेवा. एवढी पाच मिनिटं खर्च केली तर बंडी विकत आणल्यासारखी दिसते.

तुकडे जमिनीवर पसरा. खाली साडी, वर टॉवेल, त्यावर चादर. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि हातानं मध्यातून कडेकडे सुरकुत्या काढा. आधी मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवा. वाकळ घालताना पुष्कळ बायका कडेनं सुरू करून गोल गोल आत येतात. मोठ्या वाकळीत थोडा फुगा आला तरी चालतो, पण पाठीवर मध्यभागी फुगा आला तर कपडा वाईट दिसतो, म्हणून बंडीला मध्यापासून बाहेर जा. ओळी दीड-दीड इंचावर पुरतात. टाके फार बारीक आणि ओळी फार जवळ घेतल्या तर थर चपटे होतात आणि मधली हवाच जाते. दोरा जाड सुती घ्या आणि रंग चादरीत असलेलाच निवडा. काळ्या-तांबड्या चादरीवर पांढरा दोराही उठून दिसतो, ती तुमची आवड.

आमच्या आत्याबाई धावदोरा घालताना दोरा कधी लांब घेत नसत. हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढाच. लांब दोरा प्रत्येक टाक्यात कापडातून घासून निघतो, शेवटी विरतो आणि बंडी दोन वर्षांत उसवायला लागते. त्यांच्या वाकळी अजून घरात आहेत, त्यांचं हे ऐकाच.

धावदोरा झाला की कापणी. खांदा 15 इंच, मुंढा 10 इंच खोल, लांबी 24. मागचा गळा उथळ ठेवा, मानेच्या मुळाशी थंडी लागते. कात्री लावण्याआधी खडूच्या रेघेच्या आतून मशीनची एक टीप मारून घ्या. जॅकार्डचं कापड कापल्या कापल्या सुटायला लागतं, ही टीप ते धरून ठेवते. मशीनला 16 नंबरची सुई लावा, खांद्यावर थर जास्त झाले तर 18 ची, टाका मोठा करा, आणि जिथं शिवणीवर शिवण येते तिथं पायडल सोडून हातानं चाक फिरवा.

आता बंद. इतक्या जाड कापडाला घरच्या मशीनवर काज होत नाही, आणि चेन लावली तर ती नागमोडी बसते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर पांढऱ्या बाराबंदीत चालणारी माणसं आपण लहानपणापासून बघतो. तीच रचना घ्यायची. पुढचा एक भाग दुसऱ्यावर चार इंच चढतो आणि बाजूला बंद बांधला जातो. छातीवर आपोआप दुप्पट थर येतात, म्हणजे जिथं वारा लागतो तिथंच जास्त ऊब. शिवाय माणूस जाड झालं, बारीक झालं, आत स्वेटर घातला, तरी बंडी बसते. पुढचे तुकडे मोठे घ्यायचे ते यासाठी. डाव्या-उजव्या बाजूला, आत आणि बाहेर, मिळून चार जोड्या पुरतात. बंद साडीच्या काठाचे करा. इरकलीचा काठ असेल तर उत्तम, तो घट्ट विणीचा असतो आणि वर्षानुवर्षं ओढला तरी तुटत नाही. बंदाची लांबी सहा इंच. गॅसपाशी घालणार असाल तर बाहेरचे बंद काढून तिथं दाबबटणं लावा.

कडा झाकायला काठ चालणार नाही, कारण काठ सरळ असतो आणि गळ्या-मुंढ्याच्या गोलाईत तो वळत नाही. तिथं उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी कापलेली, पट्टीच हवी. जुन्या शर्टाच्या पाठीतून दोन इंच रुंद उरेब पट्ट्या कापा, जोडून लांब करा, उजव्या बाजूनं मशीनवर लावा आणि आत वळवून हातानं घाला. हातानं घातलेली पट्टी अंगाला लागत नाही. शर्टाचे खिसे अख्खे उसवून बंडीच्या आतून लावा. मोबाईल, किल्ल्या, घडी केलेली पिशवी सगळं राहतं.

शाळेचा स्वेटर

आपलं गाव युनिफॉर्मचं, आणि पोरं दर वर्षी वाढतात. त्यामुळे मळखाऊ निळे, मरून, राखाडी स्वेटर घराघरात उरतात. बहुतेक ॲक्रिलिकचे. शाळेचं बोधचिन्ह विणलेलं नसून शिवलेलं असेल तर आतून ब्लेडनं टाके तोडून काढता येतं.

मोठ्या मुलाचा बंद गळ्याचा स्वेटर आजीला डोक्यातून घालता येत नाही, हात वर जात नाहीत. तो पुढून उघडा करा. मध्यावर खडूची रेघ ओढा. रेघेच्या आतून दोन्ही बाजूंना एकेक लांब सुती पट्टी टाचा आणि तिच्यावरून टीप मारा, अर्ध्या इंचावर पुन्हा एक टीप. विणलेलं कापड मशीनखाली ताणलं जातं आणि कडा लाटांसारखी होते, पट्टी लावली की ताणत नाही. दोन्ही बाजूंच्या टिपा मारून झाल्यावरच मधून कापा. मग कापलेल्या कडेवर साडीचा काठ दुमडून लावा, इथं कड सरळ आहे म्हणून काठ सुरेख बसतो. कापड जाड नसल्यानं काज-बटण होतं. आजीच्या बोटांना मोठी बटणं लावा.

बाह्या उरल्या तर टाकू नका. मनगटाची रिब घोट्यावर नेमकी बसते. बाहीचं रुंद तोंड शिवून बंद करण्याऐवजी तसंच उघडं ठेवा, वरून अर्ध्या इंचाची दुमड घालून इलॅस्टिक ओवा, गुडघ्यापर्यंतचं पायाचं आवरण तयार. पहाटे दूध घालायला, पेपर टाकायला, भाजी मार्केटला जाणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. बाहीच्या वरच्या भागाचे सात-आठ इंचांचे तुकडे गुडघ्यावर चढवायला ठेवा. इलॅस्टिक सैल असू द्या, घट्ट झालं तर पायाला मुंग्या येतात.

स्वेटर उसवून लोकर पुन्हा वापरायची असेल तर आधी बाजूची शिवण बघा. शिवणीच्या कडेला साखळीसारखे पूर्ण फासे दिसले तर एकच धागा लांबच लांब निघेल. कडा कापून ओव्हरलॉक मारलेलं असेल तर दर ओळीला तुटका धागा हातात येतो, तो स्वेटर उसवू नका, कापून वापरा. उसवायचं ते वरून, गळ्याकडून. धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन लावून वाळत घाला. कुरळेपणा जातो.

खरी लोकर हाती लागली तर ती वेगळी संपत्ती आहे. कसरीनं भोकं पाडलेला लोकरीचा स्वेटरही कामाचा. तो गरम पाण्यात साबण लावून जोरात चोळा, मग गार पाण्यात काढा, पुन्हा गरम. धागे एकमेकांत अडकतात, स्वेटर आटून घट्ट नमद्यासारखा होतो आणि कापला तरी सुटत नाही. त्यातून चपलेत घालायचे तळवे, बंडीची कॉलर, लहान मुलाची कानटोपी निघते. काही लोकरीवर न आटण्याची प्रक्रिया केलेली असते, ती कितीही चोळली तरी तशीच राहते, तेव्हा आधी बाहीच्या टोकावर करून बघा.

कानटोपी आणि कुंची

कानटोपीला स्वेटरचा खालचा घेर वापरा, म्हणजे रिबची पट्टी कपाळावर येते आणि वेगळी कड करावी लागत नाही. 20 इंच डोक्याच्या मुलासाठी दुहेरी घडीत साडेनऊ इंच रुंद, नऊ इंच उंच. विणलेलं असल्यानं ते ताणून बसतं. वरचं तोंड धाव टाक्यानं चुणून ओढा आणि पक्कं करा. आतून जुन्या टीशर्टचं अस्तर घाला, ॲक्रिलिक कपाळाला खाजतं.

तान्ह्या बाळाची कुंची मात्र सुतीच. जुन्या मऊ साडीचे तीन थर, बाहेरून खणाचा तुकडा. टिकल्या, मणी, गोंडे, सैल बटणं काही लावू नका, बाळाच्या तोंडात जातात. बंद आखूड ठेवा, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकी जागा सोडा, आणि बाळ झोपलं की कुंची काढून ठेवा, कारण झोपेत ती तोंडावर सरकू शकते. बाहेर नेताना, मांडीवर असताना घालायची.

रथसप्तमी झाली की आपल्याकडे या कपड्यांचं काम संपतं. बंडी धुऊन दोन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवा, चादर आणि टॉवेलचे थर आतून ओलसर राहिले तर कुबट वास धरतात. हँगरला लावू नका, वजनानं खांदे उतरतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून घडीत ठेवा, लोकरीच्या कपड्यांत तर हमखास. आणि त्याच चादरीचा वीतभर तुकडा आतल्या खिशात टाचून ठेवा. कोपऱ्याला, खिशाला कुठं फाटलं तर पुढच्या वर्षी ठिगळाला तेच कापड, तितकंच धुतलेलं, हाताशी असतं.